निवडणुकीचा पैसा कागदावर कसा वाचावा : कोल्हापूरच्या मतदारासाठी

विधानसभेच्या निवडणुकीत महाराष्ट्रातल्या उमेदवाराला जास्तीत जास्त ४० लाख रुपये आणि लोकसभेच्या निवडणुकीत ९५ लाख रुपये खर्च करता येतात. ही मर्यादा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. बिंदू चौकातल्या किंवा गांधी मैदानातल्या सभा आणि पेठापेठांतून चाललेल्या जेवणावळी पाहिलेल्या कोणाच्याही मनात हा आकडा ऐकल्यावर एकच प्रश्न येतो, तो म्हणजे एवढ्या पैशात हे सारे भागले कसे. प्रश्न रास्त आहे. परंतु तो चहाच्या टपरीवर विचारला जातो आणि तिथेच विरतो, कारण ज्या कागदांत त्याचे उत्तर शोधता येते ते कोठे असतात, किती दिवस उपयोगाचे असतात आणि कसे वाचायचे असतात, हे फारसे कोणी सांगत नाही. हे कागद वकिलालाच कळतात असेही नाही. आपल्या वॉर्डात काय घडले हे ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे, त्याला ते अधिक चांगले वाचता येतात.

राज्याच्या राजकारणात पैसा मुख्यतः तीन वाटांनी फिरतो. उमेदवार प्रचारावर खर्च करतो, पक्षाला देणग्या मिळतात, आणि शासनाचा निर्णय आपल्या बाजूने व्हावा म्हणून उद्योग, संस्था व संघटना दबाव आणि पैसा वापरतात. पुढे सर्वाधिक भर पहिल्या वाटेवर दिला आहे, कारण सामान्य मतदाराच्या हातात खरे बळ तिथेच आहे.

तारखा आधी ध्यानात घ्याव्यात

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७७ नुसार प्रत्येक उमेदवाराने नामनिर्देशनपत्र भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतच्या, म्हणजे हे दोन्ही दिवस धरून झालेल्या, सर्व खर्चाचा स्वतंत्र हिशेब ठेवावा लागतो. कलम ७८ नुसार तो निकालापासून ३० दिवसांच्या आत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, सादर करावा लागतो. हारलेल्या उमेदवारालाही यातून सूट नाही. समर्थनीय कारणाशिवाय हिशेब दिला नाही किंवा विहित रीतीने दिला नाही, तर निवडणूक आयोग कलम १०(क) खाली त्या व्यक्तीला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

२०२४ च्या विधानसभेचे उदाहरण घेऊ. अर्ज भरण्याची मुदत २२ ते २९ ऑक्टोबर होती, मतदान २० नोव्हेंबरला झाले आणि निकाल २३ नोव्हेंबरला लागला. त्यामुळे चंदगडपासून शिरोळपर्यंत जिल्ह्यातील दहाही मतदारसंघांतल्या उमेदवारांच्या हिशेबाची अखेरची तारीख २३ डिसेंबर होती. निवडून आलेल्या उमेदवाराने मर्यादेपेक्षा जास्त खर्च केला असेल तर तो कलम १२३(६) खाली भ्रष्ट आचार ठरतो आणि त्याविरुद्ध त्या मतदारसंघातील कोणताही मतदार उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करू शकतो. परंतु त्यासाठी मुदत निकालापासून केवळ ४५ दिवसांची आहे. उदाहरणातील निवडणुकीत ती ७ जानेवारी २०२५ रोजी संपली. म्हणजे उमेदवाराने शेवटच्या दिवशी हिशेब दिला असे धरले, तर तो पाहून, ताडून, पुरावा जोडून याचिका करायला मतदाराच्या हाती अवघे १५ दिवस उरतात. या पंधरवड्यात जाग येऊन काही साधत नाही. तयारी प्रचाराच्या काळातच करून ठेवावी लागते.

कालमर्यादेचा दुसरा परिणामही समजून घ्यावा. अर्ज भरण्यापूर्वीचा खर्च या हिशेबात येत नाही. २०२४ मध्ये दहीहंडी ऑगस्टच्या अखेरीस झाली, अर्ज ऑक्टोबरच्या उत्तरार्धात भरले गेले. त्यामुळे हंडीची बक्षिसे, इच्छुकांच्या नावाचे फुटबॉल चषक, हळदी-कुंकवाची वाणे यांवर कितीही खर्च झाला असला तरी ४० लाखांच्या हिशेबात त्याला जागा नाही. ही कायद्यातील मोठी पळवाट आहे असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र आधी छापून ठेवलेले साहित्य, झेंडे, टोप्या अर्ज भरल्यानंतर वापरात आले तर त्यांची किंमत हिशेबात धरावी लागते, आणि अर्ज भरण्याच्या दिवशीची मिरवणूकही धरावी लागते. त्या दिवशीचे शक्तिप्रदर्शन नीट पाहून ठेवावे.

प्रचाराच्या काळात काय नोंदवावे

सर्वप्रथम जिल्हा निवडणूक कार्यालयाने ठरवलेले दरपत्रक मिळवावे. प्रत्येक निवडणुकीपूर्वी राजकीय पक्षांशी चर्चा करून मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक, वाहनांचे भाडे, चहा, नाश्ता, जेवण, फेटे, हार अशा वस्तूंचे दर निश्चित केले जातात. उमेदवाराने बिल कमी रकमेचे दाखवले तरी प्रशासन या दरांच्या आधारे खर्च मोजू शकते. पुढच्या साऱ्या पडताळणीचा पाया हाच कागद आहे.

त्यानंतर एक वही घालावी आणि तिच्यात आपल्या डोळ्यांनी पाहिलेले तेवढेच लिहावे. सभेची तारीख, वेळ, ठिकाण, व्यासपीठावर कोण होते, फलकांवर कोणाची छायाचित्रे होती, खुर्च्या अंदाजे किती, एलईडी पडदे किती, बाहेरगावहून माणसे आणणाऱ्या गाड्यांचे क्रमांक. उमेदवाराचे छायाचित्र किंवा नाव फलकावर आहे का, आणि तो स्वतः व्यासपीठावर होता का, या दोन नोंदी सर्वांत मोलाच्या आहेत. पक्षाचा स्टार प्रचारक, म्हणजे पक्षाने आयोगाला दिलेल्या यादीतला नेता, विमानाने किंवा हेलिकॉप्टरने आला तर त्याच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या नावावर पडत नाही; परंतु उमेदवार त्याच्याबरोबर व्यासपीठावर बसला, किंवा सभेत त्याचे नाव वा छायाचित्र झळकले, की सभेचा खर्च त्याच्या हिशेबात येतो. अनेक उमेदवार एकाच व्यासपीठावर असतील तर तो त्यांच्यात विभागला जातो. तपोवन मैदानावरच्या मोठ्या सभेला जिल्ह्यातले सगळे उमेदवार ओळीने बसलेले दिसतात, तेव्हा ही विभागणी प्रत्येकाच्या हिशेबात उतरली आहे का, हे नंतर तपासता येते.

या तरतुदीमागे इतिहास आहे. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराचाच धरावा असा निर्णय दिला, आणि त्याच वर्षी कायद्यात बदल करून तो निष्प्रभ करण्यात आला. पुढे जवळजवळ तीन दशके पक्ष आणि हितचिंतक यांच्या नावावर खर्च टाकून उमेदवार मोकळे राहिले. २००३ च्या दुरुस्तीने ही सूट नेत्यांच्या प्रवासापुरती आक्रसली. तरीही पक्षाच्या एकूण खर्चावर आजसुद्धा मर्यादा नाही, हे लक्षात असू द्यावे.

हातात पडलेले प्रत्येक पत्रक जपून ठेवावे आणि त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत काय छापले आहे ते पाहावे. कलम १२७(क) नुसार निवडणुकीच्या पत्रकावर व भित्तिपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक या दोघांची नावे व पत्ते असलेच पाहिजेत. मुद्रकाला प्रकाशकाचे घोषणापत्र, छापील प्रती, आणि एकूण किती प्रती छापल्या व किती पैसे घेतले याची माहिती जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे द्यावी लागते. तळाची ओळ कोरी असेल तर तो स्वतंत्र गुन्हा आहे, आणि सहा महिन्यांपर्यंत कैद वा दंड अशी शिक्षा त्याला आहे. ओळ असेल तर तुम्हाला पडताळणीचा धागा मिळाला, कारण मुद्रकाने कळवलेली प्रतींची संख्या आणि उमेदवाराच्या हिशेबातील संख्या समोरासमोर ठेवता येते.

मंडळे, तालमी आणि संस्था आपणहून खर्च करतात, तेव्हा उमेदवाराकडून «तो कार्यकर्त्यांचा उत्साह होता» असे उत्तर मिळते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ नुसार उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारासाठी सभा, जाहिरात किंवा इतर खर्च करणे हा गुन्हा आहे. परवानगी दिली असेल तर खर्च उमेदवाराच्या हिशेबात यायला हवा, आणि दिली नसेल तर खर्च करणाऱ्यावर कारवाई व्हायला हवी. म्हणूनच आपल्या मंडळाच्या अध्यक्षांनाही ही गोष्ट आधी सांगून ठेवणे हिताचे आहे. मतदारांना जेवण, पैसे किंवा वस्तू देणे ही तर सरळ लाच आहे. तिची नोंद कोणत्याही वहीत सापडणार नाही, म्हणून ती त्याच क्षणी निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर छायाचित्रासह कळवावी. त्या तक्रारीवर १०० मिनिटांत कार्यवाही अपेक्षित असते आणि तक्रारदाराला नाव न देण्याचीही मुभा आहे.

हिशेब मागायचा आणि वाचायचा

हिशेब दाखल झाल्यावर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याने दोन दिवसांत सूचना फलकावर तसे जाहीर करायचे असते. निवडणूक संचालन नियम, १९६१ च्या नियम ८८ नुसार कोणतीही व्यक्ती एक रुपया शुल्क भरून हा हिशेब पाहू शकते आणि ठरलेले शुल्क भरून त्याच्या साक्षांकित प्रती घेऊ शकते. मतदार त्या मतदारसंघाचाच असला पाहिजे अशी अट नाही. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेत द्यावा, त्यात नियमाचा क्रमांक लिहावा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. माहितीचा अधिकार वापरावा लागत नाही. तो वापरला तर उत्तरासाठी ३० दिवस जातील आणि याचिकेची मुदत निघून जाईल. बहुतेक हिशेब मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर स्कॅन करून टाकले जातात, पण सोबतची बिले पाहायची असतील तर कार्यालयात जाणेच बरे.

हिशेबाचे दोन भाग समोर येतील. एक म्हणजे रोजची नोंदवही, जिची दैनंदिन खर्चाची पाने पांढरी, रोखीची गुलाबी आणि बँकेची पिवळी असतात. दुसरा म्हणजे गोषवारा आणि त्याची परिशिष्टे. सभा, स्टार प्रचारकांच्या सभा, प्रचारसाहित्य, माध्यमांतील जाहिराती, वाहने आणि कार्यकर्ते यांवरचा खर्च पहिल्या सहा परिशिष्टांत येतो. पुढच्या तीन परिशिष्टांत स्वतःचा पैसा, पक्षाने दिलेली रक्कम आणि इतर व्यक्ती वा कंपन्यांकडून आलेली रक्कम असते. बेरीज ४० लाखांच्या आत आहे का, एवढेच पाहून उठू नये. ती बहुधा आतच असते. एखाद्या दिवसापुरते खोलात जावे.

समजा, तुमच्या वहीत एका संध्याकाळच्या सभेला सुमारे ३,००० खुर्च्या, दोन एलईडी पडदे आणि मोठा मंडप अशी नोंद आहे. दरपत्रकात खुर्चीचे भाडे १० रुपये धरले आहे असे मानू. मग केवळ खुर्च्यांचे ३०,००० रुपये होतात. आता त्या तारखेचे पांढरे पान उघडावे. तिथे ५०० खुर्च्यांचे ५,००० रुपये असतील आणि पडद्यांचा उल्लेखच नसेल, तर तफावत तुमच्या हातात आली. मग पिवळ्या पानाकडे जावे. एकाच व्यक्तीला वा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत १०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम द्यायची असेल तर ती निवडणुकीसाठी उघडलेल्या स्वतंत्र खात्यातून धनादेशाने किंवा बँकेमार्फतच द्यावी लागते. मंडपवाल्याचे नाव गुलाबी पानांवर पुन्हा पुन्हा नऊ-नऊ हजारांनी येत असेल, तर त्या रकमांची बेरीज करावी.

यानंतर प्रशासनाची स्वतःची नोंद मागावी. खर्च निरीक्षकांच्या देखरेखीखाली प्रत्येक उमेदवाराची एक छाया नोंदवही ठेवली जाते. सभांचे चित्रीकरण करणारी पथके जे टिपतात ते दरपत्रकानुसार मोजून तिच्यात लिहिले जाते. प्रचाराच्या काळात उमेदवाराची नोंदवही किमान तीन वेळा तिच्याशी ताडून पाहिली जाते. फरक आढळला तर नोटीस निघते, आणि निकालानंतर २६ व्या दिवशी उमेदवारांबरोबर हिशेब जुळवणीची बैठक होते. उमेदवाराने अमान्य केलेले फरक, त्याला मिळालेल्या नोटिसा आणि त्याने दिलेले खुलासे हे वाचण्यासारखे असतात. सुटीच्या दिवशी झालेल्या, आडगावच्या किंवा आयत्या वेळी ठरलेल्या सभा पथकांच्या नजरेतून सुटतात. तुमच्या वहीची किंमत तिथे कळते.

वृत्तपत्रांतील स्तुतिपर मजकुराकडेही याच दृष्टीने पाहावे. एकाच उमेदवाराविषयी जवळजवळ सारख्याच शब्दांत दोन वृत्तपत्रांत मजकूर आला तर कात्रणे जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे द्यावीत. ‘पेड न्यूज’, म्हणजे पैसे घेऊन बातमीच्या रूपात छापलेला प्रचार, सिद्ध करणे मात्र अवघड असते. २००९ च्या भोकर निवडणुकीतील अशोक चव्हाण यांच्या हिशेबाचे प्रकरण २०१४ पर्यंत चालले. त्यात हिशेब खरा की खोटा हे तपासण्याचा आयोगाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला, पण चव्हाण यांच्याविरुद्धचा आयोगाचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. अधिकार असणे आणि आरोप टिकणे यांत किती अंतर आहे, ते या प्रकरणातून दिसते.

तफावतीची तक्रार जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी आणि प्रत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना पाठवावी. जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याचा छाननी अहवाल निकालानंतर ३८ दिवसांत पुढे जायचा असतो, त्यापूर्वी ती पोहोचली तर अहवालात तिची दखल घेण्यास वाव राहतो.

पक्षाच्या देणग्या

पक्षाला एका आर्थिक वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त देणगी देणाऱ्यांची नावे पक्षाने निवडणूक आयोगाला कळवायची असतात आणि हे अहवाल आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. त्याहून कमी रकमेच्या देणगीदारांची नावे कळवावी लागत नाहीत. प्राप्तिकरातील सवलत टिकवायची तर पक्षाला २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगी रोखीने घेता येत नाही. २०१८ पासून चाललेली निवडणूक रोख्यांची, म्हणजे बँकेतून रोखे विकत घेऊन नाव जाहीर न होता पक्षाला देणगी देण्याची, योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवली. एप्रिल २०१९ नंतरच्या रोख्यांची खरेदी करणाऱ्यांची व ते वटवणाऱ्या पक्षांची माहिती मार्च २०२४ मध्ये आयोगाने प्रसिद्ध केली. रोख्यांचे क्रमांक जुळवून कोणी कोणाला किती दिले हे आजही पाहता येते. इलेक्टोरल ट्रस्ट, म्हणजे देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्था, यांच्यामार्फत येणारा पैसा मोठा आहे, आणि मिळालेल्या रकमेपैकी किमान ९५ टक्के रक्कम त्याच वर्षी वाटण्याचे बंधन ट्रस्टवर असते. त्यांचे वार्षिक अहवालही आयोगाकडे असतात.

विधानसभा निवडणुकीनंतर ७५ दिवसांत आणि लोकसभेनंतर ९० दिवसांत पक्षाने आपला निवडणूक खर्च आयोगाला द्यायचा असतो. त्यात उमेदवाराला किती रक्कम दिली ते लिहिलेले असते. ती रक्कम उमेदवाराच्या आठव्या परिशिष्टाशी ताडून पाहावी. दोन्ही आकडे एकाच व्यवहाराचे आहेत, त्यामुळे ते न जुळणे हा प्रश्न विचारण्यास पुरेसा आधार आहे. पक्षाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करून वेळ दवडू नये. केंद्रीय माहिती आयोगाने २०१३ मध्ये सहा राष्ट्रीय पक्षांना सार्वजनिक प्राधिकरण ठरवले होते, पण पक्षांनी ते मानले नाही.

ज्यांच्याकडे देणगी मागितली जाते त्या व्यापाऱ्यांसाठी आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या उद्योजकांसाठी एवढेच सांगतो की पैसे बँकेमार्फत द्यावेत, पावती घ्यावी, आणि ती पक्षाची आहे की उमेदवाराची हे पाहावे, कारण करसवलत पक्षाला दिलेल्या देणगीवर असते, तीही जुन्या करप्रणालीत.

निर्णयांमागचा पैसा

भारतात लॉबिंगची, म्हणजे निर्णय आपल्या बाजूने वळवण्याच्या प्रयत्नांची, नोंदणी करणारा कायदा नाही. त्यामुळे मंत्रालयात कोण कोणाला कशासाठी भेटले याची एकत्र यादी कोठेही मिळत नाही, ती आपणच जुळवावी लागते. कोल्हापुरात हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण इथे साखर कारखाने, दूध संघ, जिल्हा बँक आणि विधानसभा यांत तीच ती माणसे फिरताना दिसतात. कारखान्याच्या कर्जाला शासनाची थकहमी (कर्ज थकल्यास ते फेडण्याची हमी), इचलकरंजीच्या यंत्रमागांची वीज सवलत, औद्योगिक भूखंड, रस्त्यांची कंत्राटे हे सारे शासन निर्णयांतून येते, आणि शासन निर्णय राज्याच्या संकेतस्थळावर तारखेसह मिळतात.

एक निर्णय निवडावा. त्याचा लाभ ज्या संस्थांना झाला त्यांची नावे काढावीत. नंतर उमेदवारांची नमुना २६ मधील प्रतिज्ञापत्रे उघडावीत. त्यात मालमत्ता आणि कर्जांबरोबरच उमेदवार, जोडीदार, भागीदारी संस्था आणि ज्यात हिस्सा आहे त्या खासगी कंपन्यांनी शासनाशी केलेल्या कंत्राटांचाही रकाना असतो. शेवटी पक्षांच्या देणगीदारांची यादी पाहावी. तीन याद्यांत एकच नाव आले तर तारखा क्रमाने मांडाव्यात. एवढ्याने लाच सिद्ध होत नाही, आणि तसे लिहिल्यास अब्रूनुकसानीचा दावा ओढवेल. कागदावर आहे तेवढे मांडावे आणि संबंधित विभागाला प्रश्न विचारावा.

सहकारी संस्थेचे सभासद असाल तर तुमच्याकडे आणखी एक किल्ली आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ नुसार सभासदाला लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि सर्वसाधारण व व्यवस्थापन समितीच्या सभांची इतिवृत्ते विनामूल्य पाहता येतात. निवडणुकीच्या महिन्यांत जाहिरात, सत्कार समारंभ, वाहन आणि देणगी या सदरांखाली खर्च किती वाढला, हे मागच्या वर्षाशी तुलना करून पाहावे. बहुराज्य संस्थांना तर राजकीय पक्षाच्या हितासाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष देणगी देण्यास २००२ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे.

विभागाकडे प्रश्न विचारताना माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये आहे. «या निर्णयात भ्रष्टाचार झाला का» असे विचारले तर उत्तर मिळणार नाही. अमुक तारखेच्या शासन निर्णयाच्या नस्तीतील (फाइलमधील) सर्व टिपण्या, त्या विषयावर आलेली निवेदने व शिफारसपत्रे, ती देणाऱ्यांची नावे आणि आवक तारखा यांच्या प्रती द्याव्यात, असे लिहावे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील करावे, आणि तेथेही दाद न मिळाल्यास ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील दाखल करावे.